परिचारिकेचा संसार कोणाच्या हिशेबात?

दरवर्षी १२ मे उजाडला की रुग्णालयांतून मेणबत्त्या पेटतात, फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार पडतो आणि त्याग, सेवा, करुणा या शब्दांची मनसोक्त उधळण होते. वक्ते परिचारिकेला कधी माता म्हणतात, कधी भगिनी, तर कधी देवदूत. ती कोणाची तरी पत्नीही असते, ही गोष्ट मात्र त्या दिवशी कोणाला आठवत नाही. समारंभ आटोपल्यावर ती घरी जाते तेव्हा त्या घरात काय घडते, हा तिचा खासगी प्रश्न मानला जातो. आणि जे खासगी ते सार्वजनिक चर्चेच्या उंबरठ्याबाहेर ठेवावे, अशी आपल्या समाजाची रीत आहे. परंतु एकाच व्यवसायातील अनेक स्त्रियांच्या दांपत्यजीवनावर एकाच प्रकारचा ताण, एकाच प्रकारच्या कारणांनी येऊ लागला की तो खासगी राहत नाही. तो कामाच्या रचनेचा, म्हणजेच अर्थकारणाचा प्रश्न बनतो. परिचारिकांच्या बाबतीत तो तसा बनला आहे, आणि त्याची दखल घेण्यास आधीच उशीर झाला आहे.

घर नसलेल्या स्त्रीसाठी आखलेले काम

या प्रश्नाचे मूळ परिचर्येच्या इतिहासात आहे. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात नाइटिंगेलच्या नावाने परिचारिकांचे विद्यालय सुरू झाले, तेव्हा तेथील विद्यार्थिनी अविवाहित असावी, तिने रुग्णालयाच्या आवारातील निवासात राहावे आणि मेट्रनच्या शिस्तीत वाढावे, अशी ती व्यवस्था होती. स्वतः नाइटिंगेलही आजन्म अविवाहित राहिल्या. भारतात मिशनच्या रुग्णालयांमधून हे काम व्रतस्थ ख्रिस्ती भगिनींनी उभे केले. 'सिस्टर' या संबोधनात तो वारसा आजही टिकून आहे. महाराष्ट्रात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने परिचर्येच्या शिक्षणाचे दार उघडले, ते प्रामुख्याने ज्यांचा संसार नियतीने हिरावून घेतला होता अशा विधवा स्त्रियांना आधार मिळावा या हेतूने. अविवाहित, व्रतस्थ आणि विधवा या तिघींत एक गोष्ट समान होती: घरी त्यांची वाट पाहणारे कोणी नव्हते. रात्री-अपरात्री हजर राहणे, सणासुदीला सुटी न मागणे, वॉर्डलाच घर मानणे हे सारे त्यांच्याकडून गृहीत धरता येत होते, आणि कामाची घडी त्या गृहीतावरच बसविली गेली.

पुढे काळ पालटला. परिचारिका विवाह करू लागल्या, त्यांच्या पगारावर कुटुंबे उभी राहिली, मुले शिकली. कामाची घडी मात्र बदलली नाही. काही ठिकाणी तर नियमच विवाहाच्या आड उभे होते. लष्करी परिचर्या सेवेतील एका अधिकारी महिलेला विवाह केला म्हणून १९८८ साली सेवेतून दूर करण्यात आले. ज्या १९७७ च्या लष्करी निर्देशाचा त्यासाठी आधार घेतला गेला, तो १९९५ साली मागे घेण्यात आला. परंतु तिला अंतिम न्याय मिळण्यास २०२४ चा फेब्रुवारी उजाडावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई स्पष्टपणे मनमानी आणि स्त्री-पुरुष विषमतेची ठरविली आणि तिला ६० लाख रुपये देण्याचा आदेश दिला. कागदावरचा नियम अशा रीतीने रद्द करता येतो. ड्यूटीच्या तक्त्यात मुरलेला नियम रद्द करावयाला न्यायालयाकडे जाता येत नाही. परिचारिकेने विवाह करू नये, असे आज कोणी म्हणत नाही; विवाह टिकविण्यासाठी लागणारा वेळ आणि मनःस्वास्थ्य तेवढे तिच्याकडे उरू दिले जात नाही.

वेळ साठवता येत नाही

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६५ साली एका प्रसिद्ध निबंधात असे प्रतिपादन केले होते की कुटुंब हे केवळ उपभोगाचे ठिकाण नसून उत्पादनाचेही ठिकाण असते, आणि त्या उत्पादनाचा सर्वांत दुर्मीळ घटक म्हणजे घरातल्या माणसांचा वेळ. भोजन, अपत्यसंगोपन, आजाऱ्याची देखभाल या गोष्टी पैसा आणि वेळ मिळून घडतात. हाच विचार एक पाऊल पुढे नेला तर दांपत्यजीवनाचे एक वैशिष्ट्य ध्यानी येते. स्वयंपाक एकट्याच्या वेळात होऊ शकतो, कपडे एकट्याच्या वेळात धुता येतात. सहवासाला मात्र दोघांचा वेळ एकाच घटकेला मोकळा असावा लागतो. पत्नीची मंगळवारची मोकळी दुपार आणि पतीचा मोकळा रविवार यांची बेरीज शून्यच होते. धान्य कणगीत साठविता येते, पैसा बँकेत; हा वेळ कशातही साठविता येत नाही.

परिचारिकेच्या आठवड्याची मांडणीच अशी असते की हा सामाईक वेळ तिच्या वाट्याला अपघातानेच यावा. सकाळ, दुपार आणि रात्र अशा पाळ्या फिरत राहतात. साप्ताहिक सुटी रविवारी पडेल याची शाश्वती नसते. पुढच्या आठवड्याची ड्यूटी कित्येकदा आदल्या दिवशी कळते आणि कोणी सहकारी आजारी पडली तर तीही ऐनवेळी बदलते. गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेले असताना ती शस्त्रक्रियागृहात असते. पाडव्याच्या सायंकाळी औक्षणाचे तबक तयार करून ठेवून ती दुपारच्या पाळीला निघते, आणि रात्री परतते तेव्हा घर झोपी गेलेले असते. अशी एखादी सायंकाळ कोणताही समंजस पती सोसतो. वर्षानुवर्षे तेच घडत राहिले की दोन माणसे एका घरात राहूनही एकमेकांच्या वेळेबाहेर जगू लागतात. एकमेकांसाठी निरोप ठेवणे, किल्ली शेजारी देणे, मुलाला शाळेतून कोणी आणायचे हे ठरविणे एवढाच संवाद उरतो.

खेड्यातील आरोग्यसेविकेची तऱ्हा आणखी वेगळी. तिला मुख्यालयी राहण्याची अट असते. पतीची नोकरी वा शेती पन्नास-साठ किलोमीटर दूर असेल, तर एक संसार दोन चुलींवर चालतो. बदल्यांच्या नियमांत 'पती-पत्नी एकत्रीकरण' हा शब्दप्रयोग सापडतो खरा; पण दोघेही शासकीय सेवेत असले तरच त्याचा उपयोग, आणि तेव्हाही रिक्त जागेची वाट पाहणे चुकत नाही. पती खासगी कारखान्यात वा शेतावर असेल तर त्या एकत्रीकरणाला काही अर्थच राहत नाही.

स्पर्शाचे श्रम

वेळेचा प्रश्न निदान डोळ्यांना दिसतो. मनाचा प्रश्न दिसत नाही, आणि त्याविषयी बोलण्याचा संकोचही मोठा आहे. कॅलिफोर्नियातील समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी १९८३ साली 'भावनिक श्रम' ही कल्पना मांडली. हवाई सेविकांच्या कामाचा अभ्यास करताना त्यांच्या असे लक्षात आले की काही नोकऱ्यांत हातांबरोबर हास्यही विकावे लागते. मनात जे नाही ते चेहऱ्यावर आणणे आणि मनात जे आहे ते दडपणे हा कामाचाच भाग असतो. परिचारिकेच्या कामाला हे वर्णन अधिकच लागू पडते. एका खाटेवर माणूस दगावतो, त्याच्या नातलगांचा आक्रोश ऐकत ती पुढच्या खाटेवरील रुग्णाला हसून औषध देते. शोक करण्याची तिला मुभा नसते आणि रागावण्याचीही.

त्यातच हे काम शरीरांशी अखंड निगडित असते. अंग पुसणे, कूस बदलणे, जखम धुणे, मलमूत्र साफ करणे, मृताचे शरीर गुंडाळणे. इतर माणसांच्या जीवनात स्पर्श हा जिव्हाळ्याचा असतो. तिच्या जीवनात तो दिवसभराचे काम होऊन बसतो. आठ-दहा तास पन्नास शरीरांना हाताळून आलेल्या स्त्रीला घरी आल्यावर कोणाचाही हात अंगावर नकोसा वाटला, तर त्यात अनैसर्गिक काही नाही. क्रिस्टिना मास्लाक आणि सुझान जॅक्सन यांनी १९८१ साली अशा थकव्याचे मोजमाप करण्याची पद्धत तयार केली, तेव्हा त्यांनी त्याची तीन अंगे सांगितली: भावनांचा कोरडेपणा, समोरच्या माणसाला वस्तूसारखे वागविण्याची वृत्ती आणि आपल्या हातून काही साधत नाही ही खंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात या अवस्थेची नोंद केली, ती रोग म्हणून नव्हे तर कामाच्या ठिकाणी उद्भवणारी घटना म्हणून. हा भेद महत्त्वाचा आहे. दोष तिच्या मनात शोधण्याऐवजी कामात शोधावा, असेच त्यातून सूचित होते.

या कोरडेपणाचा पहिला बळी दांपत्यजीवनातील जवळीक असते. झोपेचे कर्ज डोक्यावर असलेल्या शरीरात इच्छा जागत नाही. हे शरीरशास्त्र आहे, त्यात प्रेमाचा कस लागत नाही. पण शयनगृहात शरीरशास्त्राची भाषा कोणी बोलत नाही. पत्नीच्या अनिच्छेचा अर्थ पती 'हिचे मन उडाले' असा लावतो. पतीच्या रागाचा अर्थ पत्नी 'याला केवळ शरीर हवे' असा लावते. आणि वॉर्डातली रुग्णसंख्या हा या भांडणातला तिसरा पक्ष दोघांच्याही ध्यानी येत नाही. जे दुःख कामाच्या ठिकाणी जन्मले ते घरात स्वभावदोष म्हणून नांदू लागते. तिने मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे असे म्हणावे, तर ज्या रुग्णालयात तो बसतो तेथील प्रत्येक चेहरा तिच्या ओळखीचा असतो. 'सिस्टरच आता वेड्यांच्या डॉक्टरकडे जातात' ही कुजबुज टाळण्यासाठी ती गप्प राहते, आणि झोपेची गोळी कोणती घ्यावी हे तिला कोणाला विचारावे लागत नाही.

तिची रात्र आणि त्याची रात्र

यावर एक आक्षेप हमखास घेतला जातो. रात्रपाळी काय परिचारिकांनाच असते? पोलीस, एस.टी.चा चालक, रेल्वेचा गार्ड, गिरणी कामगार यांनीही रात्री जागून काढल्या. त्यांचे संसार चाललेच ना? आक्षेप वरवर सयुक्तिक आहे, परंतु त्यात एक फरक नजरेआड होतो. रात्रपाळीचा चालक सकाळी घरी येतो तेव्हा घर दबक्या पावलांनी वावरू लागते. मुलांना बाहेर पिटाळले जाते, खिडक्या लोटल्या जातात, ताट वाढून ठेवलेले असते. परिचारिका सकाळी घरी येते तेव्हा घर जागे होते. डबे, पाणी, मुलांची शाळा, सासूबाईंची औषधे हे सारे तिची वाट पाहत असते. पुरुषाच्या रात्रपाळीचा भार त्याची पत्नी उचलते; परिचारिकेच्या रात्रपाळीचा भार उचलायला तिला पत्नी नसते.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ हॅरिएट प्रेसर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात रात्रपाळी आणि विवाहविच्छेद यांचा संबंध तपासला. सर्व व्यवसायांतील दांपत्यांचा त्यात समावेश होता. मुले असलेल्या आणि लग्नाला पाच वर्षे पूर्ण न झालेल्या पुरुषांत, कायम रात्रपाळी करणाऱ्यांचे विवाह मोडण्याची शक्यता दिवसपाळीवाल्यांच्या सुमारे सहापट आढळली. मुले असलेल्या आणि लग्नाला पाच वर्षांहून अधिक काळ लोटलेल्या स्त्रियांत ती सुमारे तिप्पट. हे आकडे अमेरिकेचे आहेत, ते जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. भारतात घटस्फोटाची वाट अवघड आहे आणि बदनामीची भीती मोठी. म्हणून येथला मोडलेला संसार न्यायालयाच्या दप्तरात दिसत नाही. तो एकाच छपराखाली मोडून पडलेला असतो.

त्यात संशयाची भर पडते. रात्री घराबाहेर राहणारी, परपुरुषाच्या शरीराला हात लावणारी स्त्री म्हणून परिचारिकेकडे पाहण्याची दृष्टी अजून पुरती गेलेली नाही. स्थळ पाहताना 'पगार चांगला आहे' म्हणून होकार देणारे घर लग्नानंतर 'रात्रीची ड्यूटी सोडून दे' असे सुनावते; नोकरी सोडली तर घराचा हप्ता कोण भरणार, याचे उत्तर मात्र देत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने सायंकाळी ७ ते सकाळी ६ या वेळेत कारखान्यांत स्त्रियांना कामावर ठेवण्यास मनाई केली होती. स्त्रीच्या सुरक्षिततेची आणि आरोग्याची काळजी हे त्यामागचे तत्त्व. रुग्णालये त्या कायद्याच्या कक्षेबाहेर होती, त्यामुळे परिचारिकेच्या रात्रीची काळजी करण्याचे कारण कोणाला पडले नाही.

येथे पतीलाही न्याय दिला पाहिजे. सगळेच पती संशयी वा आळशी नसतात. परिचारिकांच्या परदेशी स्थलांतराचा अभ्यास करणाऱ्या शीबा जॉर्ज यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात केरळमधून अमेरिकेत गेलेल्या परिचारिकांच्या पतींची स्थिती वर्णिली आहे. पत्नी आधी गेली, तिच्यामागून पती गेला. कमावती ती, अवलंबून तो. घरातील कामाची आणि मानाची सारी वाटणी उलटीपालटी झाली. त्या बदलाशी काही पतींनी जुळवून घेतले, काहींना ते साधले नाही. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांतून मल्याळी परिचारिकांबरोबर आज मराठी परिचारिकाही आखातात आणि युरोपात जाऊ पाहतात, तेव्हा हा अनुभव परका मानण्याचे कारण नाही. एकटेपणा पतीच्याही वाट्याला येतो. फक्त तो बोलून दाखविण्याची त्याला सवय नसते.

न लिहिलेला खर्च

आता मूळ हिशेबाकडे यावे. वॉर्डात एका वेळी एक परिचारिका अहोरात्र हजर ठेवायची, तर आठवड्याचे १६८ तास भरून काढावे लागतात. एकीने आठवड्याला ४८ तास काम केले, तर त्यासाठी साडेतीन परिचारिका लागतात. रजा, सण, आजारपण आणि प्रसूती यांसाठी वर्षाचे आठ आठवडे वजा केले, की हा आकडा चारांच्या पुढे जातो. अतिदक्षता विभागात प्रत्येक रुग्णामागे एक, अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक, हे भारतीय परिचर्या परिषदेचे मान सर्वश्रुत आहे. सार्वजनिक रुग्णालयाच्या कोणत्याही गजबजलेल्या वॉर्डात, जेथे जमिनीवरही रुग्ण असतात, तेथे हे मान पाळले जाते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. १९४६ साली भोर समितीने देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे नमूद केले होते. त्या स्थितीपासून देश फार पुढे आला आहे, हे मान्य. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात अजून ५८ लाख परिचारिकांची उणीव आहे, आणि ती ज्या प्रदेशांत प्रामुख्याने एकवटली आहे त्यांत भारताचा प्रदेशही मोडतो.

चार माणसांचे काम तिघींनी केले तर चौथीचा पगार वाचतो. तो खर्च नाहीसा होत नाही; तो दुसरीकडे वळतो. तिघींच्या झोपेतून, पाठीच्या कण्यातून, मुलांच्या अभ्यासातून आणि पती-पत्नीच्या सहवासातून तो वसूल होतो. कारखान्याने धूर सोडला आणि शेजारच्या गावाने खोकला सोसला, तर अर्थशास्त्र त्याला बाह्य परिणाम म्हणते आणि तो खर्च कारखान्याकडून वसूल करावा असे सांगते. रुग्णालयाचा धूर परिचारिकेच्या घरात शिरतो. तिचे कुटुंब आरोग्यव्यवस्थेला दररोज अनुदान देत आहे, आणि ते कोणत्याही अंदाजपत्रकात दाखविलेले नाही.

ॲडम स्मिथने १७७६ सालीच सांगून ठेवले होते की काम जितके कष्टाचे आणि नकोसे, तितका त्याचा मोबदला अधिक असावयास हवा. परिचर्येच्या बाबतीत हा नियम उलटा चालतो, कारण मोबदल्याच्या जागी 'सेवाभाव' ठेवण्याची सोय आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीला ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा परिचारिकेला महिना किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस करावी लागली. यावरूनच त्यावेळी काय मिळत होते याची कल्पना यावी. २०२२ च्या मे महिन्यात महाराष्ट्रातील शासकीय परिचारिकांनी संप केला, तेव्हा बाह्य यंत्रणेमार्फत होणाऱ्या भरतीला विरोध ही त्यांची मुख्य मागणी होती. कंत्राटी परिचारिकेला ना रजेची शाश्वती, ना बदली नाकारण्याची ताकद. नोकरीची अस्थिरता तीही घरीच घेऊन जाते.

शिबिरे नकोत, तक्ता बदला

तणाव वाढला की व्यवस्थापनाला योगवर्ग आणि तणावमुक्तीची शिबिरे सुचतात. त्यांत वाईट काही नाही; पण तीही सुटीच्या दिवशी भरविली जातात, यातच सर्व आले. ज्या उपायांनी खरा फरक पडेल ते साधे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९७७ साली परिचर्या कर्मचाऱ्यांसाठी १४९ क्रमांकाचा करार आणि त्यासोबत एक शिफारसपत्र स्वीकारले. दोन पाळ्यांमध्ये किमान १२ तास सलग विश्रांती, आठवड्यातून किमान ३६ तासांची अखंड सुटी आणि ड्यूटीचे वेळापत्रक कौटुंबिक जीवनाची आखणी करता येईल इतके आधी हाती देणे, या गोष्टी त्या शिफारसपत्रात लिहिलेल्या आहेत. भारताने त्या कराराला अद्याप मान्यता दिलेली नाही. मान्यतेची वाट न पाहता महिनाभर आधी तक्ता लावण्यापासून कोणत्याही रुग्णालयाला कोणी अडविलेले नाही. पाळी बदलायची तर सकाळ, दुपार, रात्र अशा क्रमाने पुढे सरकत बदलावी, उलटी नव्हे. शरीराला ती सोसते. महिन्यातून निदान एक रविवार प्रत्येकीला मिळावा.

पुढचे उपाय पैशाचे आहेत. रिक्त जागा भरणे आणि रजेसाठी राखीव परिचारिका ठेवणे यांना पर्याय नाही. आवारात अविवाहितांच्या वसतिगृहाबरोबर कुटुंबासह राहता येईल अशी निवासस्थाने हवीत. ५० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर असावे, असे २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने बंधनकारक केले. ते रात्रपाळीच्या वेळीही उघडे असेल तरच परिचारिकेला त्याचा उपयोग. राज्याने २०१८ साली आपल्या सेवेतील महिलांना १८० दिवसांची बालसंगोपन रजा दिली, ती कंत्राटी परिचारिकेपर्यंत पोहोचली पाहिजे. मानसिक आरोग्याचा सल्ला तिला स्वतःच्या रुग्णालयाबाहेर, गुप्ततेच्या हमीसह मिळावा, आणि तो पती-पत्नी दोघांनाही घेता यावा.

या सर्वाला खर्च येईल, हे खरे. परंतु तो नवा खर्च नाही. आजवर परिचारिकेच्या घराने जे भरले ते आता रुग्णालयाने आणि शासनाने भरावे, एवढीच मागणी आहे. थकलेली, घरात दुखावलेली स्त्री पहाटे चार वाजता सलाइनचे थेंब मोजते तेव्हा तिच्या हाती रुग्णाचा जीव असतो; तिचा संसार शाबूत राहणे ही त्या रुग्णाचीही गरज आहे. येत्या १२ मे रोजी मेणबत्ती लावण्यापूर्वी प्रत्येक रुग्णालयाने आपला ड्यूटीचा तक्ता बाहेर काढून एकदा वाचावा. नाइटिंगेलला दिव्याइतकेच आकड्यांचेही प्रेम होते.